वाघाच्या खोक्यातलं वजन

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत गौस शिकलगारचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. काचेवर 'कॉम्प्युटर सेल्स अँड सर्व्हिस' असं रंगवलेलं होतं, त्यातला 'सेल्स' पुसट होत होत गेला आणि तो परत रंगवायची कुणाला गरज वाटली नाही. कारण गौसकडं लोक विकत घ्यायला कमी आणि विचारायला जास्त यायचे. कुठून कुठून घेतलेली वस्तू पिशवीत घालून आणायचे, त्याच्या पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "गौसभाई, जरा उचलून बगा की."

गौस उचलायचा. डोळे मिटून, तळहातावर ठेवून, कोपर अंगाशी धरून दोनदा खालीवर करायचा. मग "हाय" किंवा "न्हाय" एवढंच बोलायचा. हाय म्हणाला की वस्तू खरी, न्हाय म्हणाला की ज्याच्याकडून घेतली त्याच्या अंगावर फेकून यायची. यात तो चुकल्याचं कुणाला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं, आणि खरी धास्तीची गोष्ट तीच होती.

हे कसब कॉम्प्युटरचं नव्हे. गौसचं घराणं कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारं. बापानं खांद्यावर चाक घेऊन अख्खं कागल पालथं घातलेलं. गौसला ते चाक नको होतं. एकोणीसशे एकोणनव्वद साली तो शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तपासणीला लागला. भट्टीतून ओतून आलेले पंपाचे लोखंडी नग रांगेनं मांडलेले असायचे. बाहेरून सगळे सारखे, पण ओतताना आत हवा अडकली की पोटात पोकळी राहते, आणि असा नग पुढं कधीतरी दाबाखाली फुटतो. बाकीचे हातोडी मारून आवाज ऐकायचे. गौस नुसता उचलायचा आणि बाजूला ठेवायचा. तो नग कापून बघितला की आत सुपारीएवढं भोक निघायचंच. मुकादम मुंबईच्या गिऱ्हाइकांना मुद्दाम त्याच्यापाशी घेऊन यायचा, जत्रेतला खेळ दाखवल्यासारखा.

अठ्ठ्याण्णव साली फौंड्रीची एक पाळी बंद झाली. गौसनं एका क्लासात कॉम्प्युटर दुरुस्ती शिकून घेतली आणि दुकान टाकलं. हात मात्र तोच राहिला. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा जो लोखंडी डबा असतो, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, त्यात त्या हाताला चांगलंच काम मिळालं. भुरट्या डब्यात आत तांबं कमी, ॲल्युमिनियम कमी, म्हणून तो हलका. चांगल्यात माल भरलेला, म्हणून जड. हे बऱ्याच अंशी खरं होतं. बऱ्याच अंशी खरं असलेली गोष्ट माणसाला दहा वर्षं नीट चालवते आणि एके दिवशी खड्ड्यात घालते.

दोन हजार सातच्या डिसेंबरात कसबा बावड्याचा शिवकुमार हुक्केरी दुकानात आला. वय चोवीस. शिरोलीतच एका कारखान्यात कॉम्प्युटरवर पार्टांची ड्रॉइंग काढायचा, आणि त्यातून उरलेला सगळा जीव गेम खेळण्यात घालवायचा. घरी तो आणि त्याची आई बसव्वा, दोघंच. वर्षभर पैसे साठवून त्यानं बंगळूरच्या मावसभावाकडून एकसारखी दोन ग्राफिक कार्डं मागवली होती. एका मशीनमध्ये दोन्ही जोडायची, म्हणजे चित्र लोण्यासारखं हलतं. मार्चमध्ये पुण्याला खेळाची स्पर्धा होती. कार्डं त्यानं टेबलावर ठेवली ती तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तशी.

"चाचा, बाकी सगळं जमलंय. आता एसएमपीएस कुठला घ्यायचा तेवढं सांगा."

गौसनं दोन खोकी काढली. एक चांगल्या नावाच्या कंपनीचं, सहाशे वॅटचं, किमतीला चढं. दुसऱ्यावर जबडा वासलेला वाघ छापलेला आणि त्याखाली सोनेरी आकडा, साडेसातशे. हे वाघाचे चार डबे एका फिरत्या एजंटानं महिन्यापूर्वी आणून दिलेले. गौसनं तेव्हाच उचलून पाहिले होते आणि चारीच्या चारी ठेवून घेतले होते. इतका जड डबा त्याच्या हातात कधी आला नव्हता.

शिवकुमारनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. नेटवरून उतरवून घेतलेलं होतं काहीतरी. "चाचा, हितं लिवलंय, वॅटच्या आकड्यावर जाऊ नका म्हणून. दोन कार्डं लावायची तर बारा व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर मिळत्यात ते बगायचं. माझी दोन कार्डं आणि प्रोसेसर मिळून पस्तीस तर लागणार. ह्या महागाच्यावर अठ्ठेचाळीस लिवलंय. वाघावर..." त्यानं डबा तिरका करून बारीक अक्षरं वाचली. "वाघावर अठराच लिवलंय की."

गौसचं डोकं तापलं. तापायचं कारण अँपिअर नव्हतं. दहा वर्षांत त्याच्यासमोर कुणी कागद काढला नव्हता.

"कागदावर कोण काय बी लिवतंय," तो म्हणाला. "नेटवाल्यानं ह्यो डबा उचललाय काय? धर, तूच धर."

त्यानं दोन्ही डबे पोराच्या दोन हातांत दिले. वाघाचा हात खाली गेला, दुसरा वर राहिला.

"कुठला जड?"

"वाघ."

"मग सपलं की."

शिवकुमार थोडा घुटमळला. महागाचे पैसे द्यायची त्याची तयारी होती, तसं तो बोललाही. पण गौसनं वाघाचा डबा परत स्वतःच्या तळहातावर घेतला, डोळे मिटले, दोनदा खालीवर केलं आणि म्हणाला, "हाय." पोरानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. माणसाचा शब्द समोर असताना कागद कोण बघतो?

डब्याच्या स्क्रूवर कंपनीचं सील होतं. सील फोडलं की वॉरंटी गेली. म्हणून तो डबा आतून कसा आहे हे गौसनं कधीच पाहिलं नाही. मशीन जोडून दिलं, दोन कार्डं लखलखली, शिवकुमारनं वाकून त्याच्या पायाला हात लावला. गौस घरी गेला आणि सलिमाला, म्हणजे बायकोला, कौतुकानं सांगत बसला.

जानेवारीत पहिला फोन आला. गेम रंगात आला की मशीन आपोआप बंद होऊन परत चालू होतंय. गौस म्हणाला, "बावड्यात सध्या लाइटचा दाब कमी असणार. स्टॅबिलायझर लाव." शिवकुमारनं लावला. फेब्रुवारीत म्हणाला, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत्यात. गौस म्हणाला, तुमच्या घरात अर्थिंग नसेल. ते खरंच नव्हतं, त्यामुळं गौसला बरंच वाटलं. मग महाशिवरात्रीच्या सुमाराला शिवकुमार स्वतःच आला, घाईत होता, पायरीवरूनच बोलला. "चाचा, तासभर खेळलं की मागनं वास येतोय. जळका न्हवं, गोडसर."

"नव्या वायरीचं वार्निश असतंय. जाईल."

तिन्ही वेळा उत्तर तोंडावर तयार होतं. गोडसर वास त्याला माहीत होता. फौंड्रीत मोटर जळायच्या आधी तसाच वास यायचा, अर्धा दिवस आधी. पण मोटर वेगळी आणि डबा वेगळा, असं त्यानं स्वतःला समजावलं.

मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी फळी पुसताना उरलेल्या तीन डब्यांपैकी एक त्याच्या हातून निसटला आणि फरशीवर आपटला. उचलला तेव्हा आत काहीतरी खुळखुळलं. एसएमपीएसमध्ये खुळखुळण्यासारखं काही नसतं. गौसनं डबा परत हलवून बघितला. मग त्यानं स्क्रूड्रायव्हरनं सील फोडलं.

आतली सर्किटची पट्टी एवढीशी होती, शे-दोनशे वॅटच्या जुन्या डब्यात असते तशी. तिच्यावर काळा प्लॅस्टिकचा कागद. आणि कागदाआड, वरच्या पत्र्याला गोंदानं चिकटवलेली, पडल्यामुळं एका बाजूनं सुटून लोंबणारी, एक लोखंडाची लादी. साबणाच्या वडीएवढी. काळा रंग दिलेला, पण रंगाखालची खरखरीत कातडी गौसच्या अंगठ्यानं लगेच ओळखली. वाळूच्या साच्यात ओतलेलं साधं बीड, ओतीव लोखंड. कडेनं साच्याची शिवण तशीच ठेवलेली, घासायचेही कष्ट घेतले नव्हते. असली लादी कुठलीही फौंड्री, कुणी सांगितलं तर, टोपलीभर ओतून देते आणि कशाला म्हणून विचारत नाही.

नऊ वर्षं त्यानं लोखंडात काय कमी आहे ते ओळखलं होतं. कुणी जास्तीचं घालून ठेवेल हे त्याच्या हाताला कधी शिकवलंच नव्हतं. आणि ज्यानं हे केलं त्याला ठाऊक होतं की गावोगाव गौससारखी माणसं असतात, जी डोळे मिटून उचलतात.

गौसनं डबा दिव्याखाली धरला. लादीच्या बरोबर खाली, बोटभर अंतरावर, घरातली वीज थेट येते तो भाग होता. गोंद उष्णतेनं मऊ होतो. शिवकुमारचं मशीन तासन् तास तापत होतं. ती लादी सुटली की खाली पडणार, आणि पडली की डबा, कॅबिनेट, सगळ्या पत्र्यात वीज उतरणार. आणि त्या घरात अर्थिंग नव्हतं.

त्यानं फोन उचलला. शिवकुमारनं पलीकडून घेतला.

आता काय बोलायचं ते सरळ होतं. मशीन बंद कर, पिन काढ, हात लावू नको, डबा खोटा आहे, मी चुकलो. एवढी पाच वाक्यं. पण नेमका शेजारचा झेरॉक्सवाला हंबीरराव चहाचा ग्लास घेऊन आत आला आणि खुर्चीत बसला. हंबीररावच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बाराव्या गल्लीपर्यंत पोचायची. गौसनं पायानं तो उघडा डबा टेबलाखाली सरकवला.

"शिवू, त्या मशीनचा फॅन जरा बदलायचाय," तो म्हणाला. "कंपनीनं नवा डबा दिलाय, फुकटात. शनवारी पुण्यास्नं पार्सल येतंय. तवर जमलं तर लावू नको."

"जमलं तर म्हंजे? रव्वारी स्पर्धा हाय चाचा. काय भ्या हाय काय?"

हंबीरराव चहात फुंकर मारत होता आणि गौसकडं बघत होता.

"भ्या कसलं," गौस म्हणाला. "फॅनच हाय."

त्यानं फोन ठेवला. हंबीरराव अर्धा तास बसला, गल्लीतल्या गटाराबद्दल बोलला आणि गेला. तो गेल्यावर गौसनं परत फोन लावला. शिवकुमार कामात होता, उचलला नाही. गौसनं एकदाच लावला. मग पुण्याला तो चढ्या किमतीचा डबा मागवला आणि स्वतःला सांगितलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. तीन महिने काही झालं नाही, दोन दिवसांत काय होतंय. लादी त्यानं रुमालात गुंडाळून खिशात घातली. घरी सलिमानं विचारलं की जेवण का जात नाही, तर म्हणाला, ऊन लागलंय.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला उभा असताना खिशातली लादी मांडीला लागत होती. दुवा मागताना शिवकुमारचं नाव तोंडात आलं आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली. जे काम एका फोननं होणार होतं ते तो अल्लाकडं सोपवत होता. दुपारी दुकानात दोन गिऱ्हाइकं आली. एकानं हार्ड डिस्क पुढं केली, "उचलून बगा की" म्हणाला. गौस म्हणाला, आज हात दुखतोय.

त्या दिवसांत बावड्याकडं रोज भारनियमन असायचं. दुपारी गेलेली वीज सहाला यायची. पावणेसहाला गौसनं घड्याळाकडं पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख आलं की शिवकुमार या वेळी कामावरून घरी आलेला असणार आणि लाइट यायची वाट बघत बसलेला असणार. त्यानं शटर अर्धं ओढलं, गाडीला किक मारली आणि निघाला. वाटेत कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. गाडीवानांना शिव्या घालत, रस्त्याच्या कडेच्या मातीतून तो पुढं काढत राहिला. बावड्याच्या वेशीवर पोचला तेव्हा दुकानांतले दिवे एकदम लागले. लोकांनी नेहमीसारखा आनंदाचा गलका केला. त्या गर्दीतून वाट काढायला गौसला आणखी वीस मिनिटं लागली.

हुक्केरींच्या गल्लीच्या तोंडाशी त्याला वास आला. गोडसर नव्हता आता.

फाटकात माणसं जमली होती. खिडकीतून काळा धूर येत होता, दोघं जण वाळूची घमेली घेऊन आत पळत होते. शिवकुमारला अंगणात चटईवर निजवलं होतं. डोळे उघडे होते, पण बघत कुठंच नव्हते. उजवा हात बसव्वानं आपल्या पदरात धरून ठेवला होता, आणि त्या हाताकडं गौसला बघवलं नाही. मशीननं जाळ धरला तसा तो पळाला नव्हता. कार्डं वाचवायला त्यानं कॅबिनेटला मिठी मारली आणि तिथंच चिकटला. बसव्वानं जेवायला बसायचा लाकडी पाट घालून त्याला वेगळा केला. हे सगळं तिनंच सांगितलं, पुन्हा पुन्हा, येईल त्याला.

गौसला बघून ती म्हणाली, "बरं झालं आलासा, गौसभाई. ह्या लोकास्नी सांगा की, दवाखान्याला न्यायला कसली गाडी बोलवायची."

ते पोरगं जगलं. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं काढावी लागली, तिसरं वळायचं बंद झालं. दवाखान्यात गौस रोज गेला, जेवणाचा डबा घेऊन गेला, बसव्वाबरोबर बाकावर बसला. रोज बोलायचं ठरवून जायचा आणि रोज खिशातली लादी तशीच घेऊन परत यायचा. बाजारात कुणाला कळलं नव्हतं. लाइट अचानक आली, झटका बसला, असं सगळे म्हणत होते. ते तसंच राहिलं असतं तर गौसचं काही वाकडं झालं नसतं. लोक अजूनही पिशवीतून वस्तू आणत होते.

तीन आठवड्यांनी शिवकुमार घरी आला आणि गौस बावड्याला गेला. भिंत पांढरी केली होती, तरी कोपऱ्यात काळं दिसत होतंच. बसव्वा "बसा, च्या टाकते" म्हणून आत गेली. शिवकुमार कॉटवर टेकून बसला होता, उजवा हात उशीवर ठेवलेला.

"चाचा, वाईट वाटून घिऊ नका," तो म्हणाला. "तुमी फोन केलतासा की. लावू नको म्हणून सांगितलंतं. मीच ऐकलं न्हाय."

आतून बसव्वाचा आवाज आला. "मी म्हणत हुते रे, वास येतोय, बंद कर. तर मलाच म्हणायचा, अव्वा, गौसचाचांनी उचलून बगितलंय, काय हुईत न्हाय."

गौसनं खिशातून रुमाल काढला, सोडला आणि लादी शिवकुमारच्या डाव्या हातात ठेवली. शिवकुमारनं ती उलटीपालटी केली. मग, कुणी सांगितल्याशिवाय, तळहातावर घेऊन दोनदा खालीवर केली.

"जड हाय की," तो म्हणाला. "काय हाय हे?"

"तुझ्या डब्यातलं वजन. माझ्याकडच्या दुसऱ्या डब्यातनं काढलंय, तुझ्यात बी हेच हुतं. सुटून पडलं आणि झालं." गौस तिथं थांबला नाही. "हे मला आदल्या दिवशीच गावलंतं, शिवू. गुरवारी दुपारी. फोन केला तवा हे माझ्या पायाखाली हुतं. शेजारी माणूस बसलावता म्हणून मी फॅन म्हणालो."

शिवकुमारचा डावा हात तसाच, लादीसकट, थांबला होता. बसव्वा चहाचा कप घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, पण शेवटचं तिनं ऐकलं होतं. ती गौसकडं बघत राहिली, रागानं नव्हे, ओळख पटत नसल्यासारखी. मग वळली आणि कप घेऊन परत आत गेली. मोरीत चहा ओतल्याचा आवाज आला.

गौस उठला आणि चपला घातल्या. लादी त्यानं मागितली नाही, आणि शिवकुमारनंही परत दिली नाही.